नॉन-स्टिक तव्याची खरी परीक्षा चाळिसाव्या घावनाला

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आठ महिन्यांपूर्वी 'इको-फ्रेंडली, पीएफओए-फ्री' असं लिहिलेला सिरॅमिकचा तवा घेतला. पहिला महिनाभर तेलाशिवाय घावन सुटून यायचं. आता तेल घातलं तरी धरतं. आईचं मनगट दुखतं, त्यामुळे बिडाचा जड तवा तिला उचलवत नाही. तवाच वाईट निघाला की वापरण्यात माझं काही चुकलं? आणि पुढचा घेताना तो टिकेल का, खरंच पर्यावरणाला बरा आहे का, हे घरच्या घरी कसं तपासायचं?"

मी १९ वर्षं भोसरीत भांड्यांवरच्या लेपांची तपासणी करतोय. घरीही हाच उद्योग चालतो. आमच्या ओट्याखाली एका वेळी सहा-सात तवे असतात आणि प्रत्येकाच्या बुडाला मार्करने तारीख लिहिलेली असते. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

आधी तुमच्या हातात आहे त्या तव्याकडे बघू, कारण तो कदाचित अजून मेलेला नाही. सिरॅमिक तवा चिकटायला लागतो त्याची कारणं दोन. एक म्हणजे लेपच संपला. दुसरं म्हणजे लेप शाबूत आहे, पण त्यावर तेलाचा पापुद्रा बसलाय. तवा मोठ्या आचेवर तापला आणि तेलाचा पातळ हात फिरवला की ते तेल जळण्याआधी घट्ट होत जातं, वार्निशसारखं. तळणीच्या कढईच्या काठाला बाहेरून जो पिवळसर-तपकिरी चिवट थर बसतो ना, तोच हा. तव्यावर तो इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसत नाही, पण घावनाला बरोबर कळतो. तवा पूर्ण थंड असताना अंगठ्याचं पेर मधून काठाकडे फिरवून बघा. मध्ये गुळगुळीत आणि आच लागते त्या गोल पट्ट्यात किंचित चिकट, खरखरीत लागलं तर पापुद्रा आहे असं समजा.

खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाट लेप करा, तव्यावर पसरा, अर्धा तास राहू द्या आणि मऊ स्पंजने गोल गोल चोळून कोमट पाण्याने धुवा. काथ्या नको, तारेची घासणी तर मुळीच नको. तीन-चार दिवस हे केलं आणि घावन पुन्हा सुटायला लागलं, तर तुमचा तवा वाचला. काहीच फरक पडला नाही तर लेपाचं आयुष्य संपलं, आणि आठ महिने रोजच्या वापरात हे झालं असेल तर त्यात नवल नाही. सिरॅमिक लेपाचा स्वभावच तसा आहे.

हा स्वभाव समजला की तपासणी कशाची करायची ते आपोआप कळतं. जुना नॉन-स्टिक म्हणजे पीटीएफई, टेफ्लॉन या नावाने सगळ्यांना माहीत असलेला. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला तो १९३८ साली अमेरिकेत अपघाताने सापडला. त्या पदार्थाच्या रेणूतच असं काही आहे की त्याला काही चिकटत नाही. वरचा थोडा झिजला तरी खाली तेच असतं. सिरॅमिकचं तसं नाही. सिरॅमिक म्हणतात खरं, पण हा लेप बरणीसारखा भट्टीत भाजलेला चिनी मातीचा नसतो. तो वाळूतल्या सिलिकापासून द्रवरूपात बनवतात, फवारतात आणि तापवून काचेसारखा घट्ट करतात. काचेला मुळात अन्न चिकटतंच. ते चिकटू नये म्हणून त्या जाळीत सिलिकॉनचे तेलकट अंश गुंफलेले असतात. तेच घावनाला सोडतात, आणि तेच प्रत्येक वेळी थोडे थोडे निघून जातात: जास्त आचेने, धुण्याच्या सोड्याच्या पावडरीने, डिशवॉशरने. म्हणजे हा तवा पहिल्या दिवशी जितका चांगला असतो तितका पुन्हा कधीच नसतो.

म्हणूनच प्रदर्शनात किंवा मॉलमध्ये तेलाशिवाय अंडं घसरवून दाखवतात त्यावरून काही ठरवू नका. नव्याकोऱ्या तव्यावर अंडं घसरतंच. मी तव्याची परीक्षा चाळिसाव्या घावनाला घेतो.

घरी करता येईल अशी एक पद्धत सांगतो, मी ती गेली काही वर्षं वापरतोय. एक अंडं, तेल नाही, मीठ नाही. तवा मंद आचेवर तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुरचुरत दोन-तीन सेकंदांत आटला की तापमान साधारण दीडशे अंशांच्या आसपास असतं. इथे एक चकवा आहे. साध्या लोखंडी तव्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल होऊन पळायला लागला, तर तवा दोनशेच्या घरात गेला असं आपण धरतो. नव्या नॉन-स्टिकवर मात्र थेंब गार असतानाही गोलच बसतो, कारण तो पृष्ठभाग पाण्याला जवळच येऊ देत नाही. तेव्हा थेंब गोल दिसला म्हणून तवा तापला असं समजू नका. थेंब किती वेळात आटतो ते मोजा.

अंडं फोडून घाला, दोन मिनिटं हात लावू नका. मग गॅस बंद करून तवा ओट्यावर घ्या आणि दांड्याकडची बाजू हळूहळू उचला. काठ किती सेंटिमीटर वर आला की अंडं सरकायला लागलं, ते पट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. हा आकडा म्हणजे तुमच्या तव्याची नाडी. २४ सेंटिमीटरच्या नव्या तव्यावर तो तीन-चारच्या आसपास येतो. रोज मोजायची गरज नाही. दर पंधरवड्याला एकदा, त्याच शेगडीवर, त्याच आचेवर. आकडा हळूहळू चढत गेला तर ते वय आहे. एकदम उडी मारली तर त्या आठवड्यात काहीतरी घडलंय: कोणीतरी तवा रिकामा तापत ठेवला, किंवा गरम तवा नळाखाली धरला.

मागे मी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच डब्यातले दोन तवे आणले. दोन्हींवर रोज सकाळी तांदळाच्या पिठाचं घावन. पीठ एकच, पातेलं एकच. फरक फक्त आचेचा. पहिला कायम मंद आचेवर तापवायचा. दुसरा रोज मोठ्या आचेवर तीन मिनिटं रिकामा तापवून मग आच कमी करायची, म्हणजे बहुतेक घरांत सकाळच्या घाईत करतात तसंच. पहिले दहा दिवस दोघांत काही फरक नव्हता. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या तव्यावर घावनाची जाळी तव्यालाच राहायला लागली. कडा सुटायच्या, पण मधे एक गोल पट्टा धरून बसायचा, बर्नरच्या ज्वाळांचं जे कडं असतं त्याच मापाचा. पाचव्या आठवड्यात अंड्याचा आकडा पहिल्यावर सहा होता आणि दुसऱ्यावर तेरा. तवा तोच, पीठ तेच, आणि बिघाड फक्त त्या तीन मिनिटांत झाला.

पातळ ॲल्युमिनियमचा रिकामा तवा मोठ्या बर्नरवर तीन-चार मिनिटांत अडीचशे अंश सहज ओलांडतो. 'आमचा लेप ४५० अंश सहन करतो' असं डब्यावर लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, पण त्याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. लेप जळून धूर होत नाही, इतकाच त्याचा अर्थ. चिकटू न देण्याचा गुण तोवर राहील असं त्यात कुठे म्हटलेलं नसतं. पीटीएफईचं गणित वेगळं आहे. त्याची कायमच्या वापराची मर्यादा २६० अंश, वितळण्याचा बिंदू ३२७, आणि साडेतीनशेच्या पुढे तो विघटन पावून विषारी धूर सोडायला लागतो. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर हा धूर त्यांच्या जिवावर बेततो. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात.

मला यात नेहमी आजीची कल्हई आठवते. कल्हई म्हणजे तांब्या-पितळेवरचा कथलाचा लेप, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं जुनं कोटिंगच. कथील २३२ अंशांना वितळतं. 'कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवू नये, आधी पाणी घाल' हे तिने शंभरदा सांगितलं असेल. तोच नियम आजच्या सिरॅमिक तव्याला लागू आहे: आधी तेल-पीठ तयार, मग तवा गॅसवर. फरक इतकाच की कल्हई गेली तर कल्हईवाला नवसागर आणि कथील घेऊन दारात यायचा आणि भांडं पुन्हा नवं करून द्यायचा. नॉन-स्टिकचा लेप गेला की भांडं भंगारात जातं. पर्यावरणस्नेही या शब्दाचा विचार करताना ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता त्या शब्दाबद्दल. 'पीएफओए-फ्री' हे वाक्य वाचून तवा घेऊ नका. पीएफओए हे पीटीएफई बनवताना कारखान्यात वापरायचं मदतनीस रसायन होतं. घातक, टिकून राहणाऱ्या रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत ते २०१९ साली गेलं, आणि मोठ्या उत्पादकांनी त्याआधीच ते सोडलं होतं. त्यामुळे आज साधा टेफ्लॉनचा तवाही पीएफओए-फ्री म्हणून विकला जातो आणि तसं म्हणणं चूकही नसतं. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल नाही' लिहितात, तसंच हे. तुम्हाला हवे ते शब्द दोन: 'पीटीएफई नाही' आणि 'पीएफएएस नाही'. पीएफएएस म्हणजे फ्लोरिनयुक्त रसायनांचं सगळं मोठं कुटुंब. पीटीएफई त्यातलाच एक सदस्य. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीएफएएस घातलेली भांडी विकायलाच बंदी केली आहे. तेव्हा तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा प्रश्न कायद्यानेच बराचसा सोडवलाय. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे शब्द वापरायचे तर पुरावा हवा, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल करून 'लेपात पीटीएफई आहे का, आणि एकूण फ्लोरिनचा तपासणी अहवाल आहे का' असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर मोघम आलं तर तेही एक उत्तरच आहे.

'ग्रॅनाइट' आणि 'स्टोन' या नावांना मात्र मी अजिबात किंमत देत नाही. करड्या रंगावर काळे-पांढरे ठिपके असतात, दगड नसतो. आमच्याकडे तपासायला आलेल्या अशा तव्यांतले बरेचसे लेप पीटीएफईचेच निघाले. घरी हे ओळखायची पक्की पद्धत नाही. अनुभवी हाताला पीटीएफई मेणासारखा मऊ लागतो आणि सिरॅमिक काचेसारखा टणक, चकचकीत. पण मी स्वतः त्यावर पैज लावणार नाही. प्रयोगशाळेत इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटरखाली तव्याचा तुकडा धरला की मिनिटभरात कळतं. पीटीएफई असेल तर आलेखावर ११५० आणि १२०० या तरंगसंख्यांच्या आसपास दोन उंच सुळके शेजारी शेजारी उभे राहतात. सिलिकाचा लेप असेल तर हजार ते अकराशेच्या दरम्यान एक रुंद डोंगर दिसतो. १९ वर्षांत तो आलेख मी हजारो वेळा पाहिला असेन. डब्यावर 'नैसर्गिक खनिज लेप' लिहिलेल्या तव्यात ते दोन सुळके दिसले की अजूनही राग येतो.

राग का येतो तेही सांगतो. पीटीएफईचा एखादा तुकडा निघून पोटात गेला तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो, त्याची फार भीती नको. खरी किंमत ताटात दिसत नाही, ती कारखान्याशेजारच्या नदीत दिसते. अमेरिकेत पार्कर्सबर्ग या गावाजवळच्या टेफ्लॉन कारखान्यातून पीएफओए ओहायो नदीत आणि लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं. रॉब बिलट या वकिलाने तो खटला लढवला, जवळपास ६९,००० लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०१२ पर्यंत सहा आजारांशी त्याचा संभाव्य संबंध जोडला. त्यात मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोगही होता. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या मितेनी कारखान्याने अशाच रसायनांनी लाखो लोकांचं भूजल नासवलं आणि २०१८ साली दिवाळं काढलं. त्या कारखान्याची यंत्रसामग्री पुढे विकत घेतली गेली आणि आपल्या कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली. तिथे तव्याचा लेप बनतो असं मी म्हणत नाही. पण फ्लोरिनची रसायनं आता दूरच्या देशाची गोष्ट राहिलेली नाही. वाशिष्ठीच्या खाडीत मासे धरणाऱ्यांसाठी तर नाहीच. म्हणून पीटीएफई नसलेला तवा घ्यायची तुमची इच्छा मला मनापासून पटते. फक्त तो तवा वर्षाला एक या वेगाने फेकावा लागू नये.

टिकाऊपणाबद्दल आमच्या प्रयोगशाळेतला एक प्रसंग सांगतो. त्यातून घरी काय बघायचं ते कळेल. एका उत्पादकाचे सिरॅमिक तवे तपासायला आले. अंडं झकास घसरलं. दूध जाळायची परीक्षा असते: तव्यात थोडं दूध ओतून ते पूर्ण आटवून, तपकिरी होईपर्यंत तळाला लागू द्यायचं आणि मग ते पापडासारखं अखंड उचलून येतं का बघायचं. तेही आलं. ब्लेडने लेपावर बारीक चौकटी कापून त्यावर चिकटपट्टी लावून झटक्यात ओढायची असते, म्हणजे लेप धातूला किती घट्ट बसलाय ते कळतं. एकही चौकट उचलली नाही. अहवाल चांगला गेला असता. पण मिठाच्या पाण्याची परीक्षा बाकी होती. मीठ घातलेलं पाणी त्याच तव्यात कित्येक तास उकळत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकटी कापल्या. या वेळी चिकटपट्टीबरोबर लेपाचे चौकोन बाहेर आले, आणि तव्याच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढे फोड दिसले.

कारण शोधायला आम्हाला आठवडा लागला. लेप फवारण्याआधी ॲल्युमिनियमवर वाळूसारखे बारीक कण मारून तो पृष्ठभाग खरखरीत करतात, म्हणजे लेपाला धरायला जागा मिळते. त्याआधी पत्र्याला साच्यातून काढताना लागलेलं तेल पूर्ण धुवावं लागतं. इथे धुण्याची टाकी बदलायला उशीर झाला होता आणि कण मारायचं कामही घाईत झालं होतं. लेप कोरडा असताना घट्ट वाटत होता. मीठ-पाणी बारीक छिद्रांतून आत शिरलं, धातू गंजायला लागला आणि लेप खालून सुटला. आपल्या स्वयंपाकात मीठ, चिंच, आमसूल, टोमॅटो रोज असतं. त्यामुळे ही परीक्षा मी सगळ्यात मोठी मानतो. घरी मिठाचं पाणी तासन्‌तास उकळायची गरज नाही. पण दर महिन्याला तवा उन्हात तिरपा धरून डोळ्यांच्या रेषेत बघा. टाचणीच्या डोक्याएवढे उंचवटे, पांढुरके ठिपके किंवा स्क्रूच्या आसपास लेप उचललेला दिसला, तर वॉरंटीत असताना लगेच बदलून घ्या. ती तुमच्या वापराची चूक नसते. आणि आमटी, कढी, टोमॅटोचं सार सिरॅमिकच्या भांड्यात रात्रभर ठेवू नका. लगेच स्टीलमध्ये काढा.

गरम तवा नळाखाली धरल्यावर जो छर्र आवाज येतो, त्याबद्दलही. २४ सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा तवा २०० अंशांनी तापला की जवळपास एक मिलिमीटरने पसरतो. वरचा काचेसारखा लेप तितका पसरत नाही. हळूहळू गार झालं तर दोघं जुळवून घेतात. एकदम गार पाणी पडलं की धातू झटक्यात आक्रसतो आणि लेपाला न दिसणाऱ्या भेगा जातात. मग त्या भेगांत तेल शिरतं, जळतं, आणि तुम्हाला वाटतं तवा अचानक चिकटायला लागला. भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांना हे दोन वाक्यांत सांगा आणि तो तवा घासायच्या ढिगात टाकूच नका. ओट्यावर गार होऊ द्या, स्वतः स्पंजने पुसून घ्या. हा एक तवा तेवढा लाडाचा ठेवावा लागतो.

दुकानात तवा हातात घेतल्यावर मी पहिल्यांदा त्याची जाडी बघतो, लेप नंतर. पातळ तव्यावर कितीही चांगला लेप असला तरी ज्वाळेच्या कड्यावर तो भाजून निघतो. तव्याच्या बुडाला स्टीलची पट्टी आडवी लावून उजेडासमोर धरा. किंचित आत वळलेलं बूड चालतं, तापल्यावर ते सपाट होतं. बाहेर फुगलेलं असेल तर घेऊ नका, तवा शेगडीवर डगमगेल आणि तेल मधेच साचेल. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी एक सोपी गोष्ट करता येते. कोरड्या तव्यावर मैद्याचा चाळणीने अगदी पातळ थर भुरभुरा, मंद आच ठेवा आणि रंग कुठे आधी बदलतो ते बघा. सगळीकडे साधारण एकदमच बदामी झाला तर तवा उत्तम. मधे एक तपकिरी कडं उठलं आणि बाकीचा मैदा पांढराच राहिला, तर त्या तव्यावर आच आणखी कमी ठेवा किंवा पहिल्याच आठवड्यात परत करा. मैदा करपायच्या आत गॅस बंद करायचा, एवढं लक्षात ठेवा.

लेझरवाला थर्मामीटर विकत घेण्याचा मोह होईल. काळ्या-करड्या लेपावर तो बऱ्यापैकी खरं सांगतो. चकचकीत स्टीलवर किंवा घासून पांढऱ्या झालेल्या ॲल्युमिनियमवर तो प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवतो, कारण चकाकता धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि भोवतालची परावर्तित करतो. नुसत्या तव्याच्या तपासणीसाठी त्याची गरज नाही, पाण्याचा थेंब पुरतो.

आता आईंचं. मी इतरांना बिडाचा तवा सुचवतो. त्याच्यावर तेल मुरवत गेलं की तो दरवर्षी सुधारतो, आणि त्याचा लेप पुन्हा पुन्हा घरीच तयार करता येतो. पण मनगट दुखत असताना दोन-अडीच किलोचा तवा उचलायला लावणं बरोबर नाही. त्यांच्यासाठी २० ते २२ सेंटिमीटरचा, पीटीएफई-पीएफएएस नसलेला सिरॅमिक तवा घ्या, बूड निदान तीन मिलिमीटर जाड, दांडा गार राहणारा. तो फक्त घावन, आंबोळी, अंडं, धिरडं यांच्यापुरता ठेवा. पोळी-भाकरीसाठी लोखंडी तवा शेगडीवरून न उचलता वापरता येतो. थालीपीठही त्याच्यावरच करा, त्याला तेल सढळ लागतं आणि खरपूसपणासाठी आच जास्त. सिरॅमिकवर रोज थालीपीठ म्हणजे तो पापुद्रा महिन्याभरात बसणारच. लहान बर्नर वापरा. आधी पीठ हातात, मग गॅस चालू. तेलाचा स्प्रे नको, कांद्याच्या अर्ध्या फोडीने किंवा ब्रशने चार थेंब पसरवा आणि जास्तीचं पुसून घ्या. लाकडी कालथा वापरा.

आणल्या दिवशी बुडाला तारीख लिहा, पहिल्या अंड्याचा आकडा तारखेखाली लिहा, आणि खरेदीची पावती तव्याच्याच डब्यात ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा अंडं घालून बघा. तोवर आकडा सातच्या आत असेल, तर पुढच्या वेळी तोच ब्रँड घ्यायला हरकत नाही. आणि जुन्या तव्यावर सोड्याचा लेप आज रात्रीच लावून बघा. उद्याच्या घावनात काय फरक पडला ते मला कळवा, फोटो पाठवलात तर पापुद्रा आहे की लेप गेलाय ते नक्की सांगता येईल.